जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून टाकून द्याव्यात का? (उमरग्याचा बंद झालेला स्टुडिओ)

उमरगा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आमच्या अण्णांचा उमरग्यात फोटो स्टुडिओ होता. 1976 साली काढला. दोन भिंगांचा याशिका कॅमेरा, 120 चा रोल, आणि रोल मिळेल तो. कधी उटीच्या सरकारी कारखान्यातला इंदू, कधी पूर्व जर्मनीचा ऑरवो. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि रजिस्टरात त्या नंबरापुढं नाव, गाव, तारीख, किती कॉप्या, किती पैसे राहिले. (काही जणांचे अजून राहिलेत.) पुढं रंगीत आलं, पस्तीस एमएमचे रोल धुवायला सोलापूरला जायचे. 2005 च्या आसपास डिजिटल कॅमेरा घेतला आणि तिथून सगळं सीडीवर, मग हार्ड डिस्कवर.

आता अण्णा माझ्याजवळ लातूरला असतात. दुकानाची जागा धाकट्या भावाला मोबाइलच्या दुकानासाठी पाहिजे. मागच्या खोलीत निगेटिव्हनं भरलेल्या लोखंडी ट्रंका आहेत. भाऊ म्हणायलाय, "सगळं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर टाक आन् ट्रंका भंगारात दे. फोटो तर राहतेतच की."

ऐकायला बरोबर वाटतं. पण ट्रंका उघडल्या तर 1978 च्या लग्नाची निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरल्यावर मुंडावळ्यांचा मणी न् मणी दिसतो, आणि 2008 च्या लग्नाची सीडी कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही. चकचकीत थराला बारीक भोकं पडलीत, उजेडाला धरली की चाळणी. ज्या पोरीचं ते लग्न, तिचं पोरगं आता दहावीला असेल. हार्ड डिस्क लावली की टक् टक् आवाज करते आणि काहीच दाखवत नाही.

ट्रंका भंगारात द्यायला मन का होत नाही तेही सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर कितीतरी महिने सास्तूर, किल्लारीकडची माणसं आमच्या दुकानात यायची. घरातले फोटो घरासोबत गेलेले. कुणाला मयताच्या कागदांना लावायला फोटो पाहिजे, कुणाला नुसताच पाहिजे. अण्णा रजिस्टर काढायचे, गाव विचारायचे, बोट फिरवत खाली यायचे. मिळाला नंबर की रात्री प्रिंट. पैसे घेतले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते, ट्रेमधून कॉप्या काढून वाळत घालायचं काम माझ्याकडं होतं.

तर प्रश्न: स्कॅन केल्यावर निगेटिव्ह ठेवायच्या का? एका ट्रंकेला कच्च्या लोणच्यासारखा आंबूस वास येतो, ते काय? रंगीत निगेटिव्हचा रंग उडाल्यासारखा वाटतो, त्या वाचतील का? आणि सीड्यांचं काही होईल का? सगळं एकदम करायला ना पैसा आहे ना वेळ. शाळेची नोकरी सांभाळून करायचंय.

डार्करूम_नांदेड

ताई, भावाला सांगा, भंगारवाला बोलावला असेल तर चहा पाजून वाट लावा. ही मंडळी जुने एक्स-रे आणि काळ्यापांढऱ्या फिल्मा चांदीसाठी घेतात. म्हणजे जे वाचवायचंय नेमकं तेच तो वितळवणार.

काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमधलं चित्र म्हणजे जिलेटीनमध्ये अडकलेले चांदीचे कण. रंग नाही, शाई नाही, धातू. नीट धुतलेली असेल तर ती आपल्यापेक्षा जास्त जगते. गोम त्या 'नीट धुतलेली'त आहे. फिक्सरमधला (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातला) हायपो फिल्ममध्ये राहिला तर तो हळूहळू चांदीला खातो आणि पिवळट तपकिरी डाग येतात. तो काढायचा म्हणजे वाहतं पाणी भरपूर लागतं. आता मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात वाहतं पाणी कुणाकडं होतं सांगा. आम्ही बादलीत बुचकळून काढायचो, तेच पाणी पुढच्या रोलला. आमच्या लॅबमधल्या पिवळ्या पडलेल्या निगेटिव्हच्या तारखा बघितल्या तर निम्म्याहून जास्त उन्हाळ्यातल्या आणि दुष्काळी सालातल्या निघतील. तुमच्या अण्णांना विचारा, ते हसतील. शिवाय डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) 20 अंशाला पाहिजे आणि आमच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देणारं. माठाचं पाणी, बर्फाचा खडा, आणि जिलेटीन फुगून सुटू नये म्हणून फिक्सरमध्ये तुरटी. त्या काळात निघालेली निगेटिव्ह आज खिडकीला धरून मणी दिसतात म्हणजे अण्णांचा हात चांगला होता, लिहून घ्या.

आंबूस वास. हे मात्र गंभीर आहे. फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तो तुटायला लागतो आणि ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर, सोडतो. ते ॲसिड उरलेल्या पायाला आणखी जोरात तोडतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, लांबवता येतं. पाया आकसतो, वरचा जिलेटीनचा थर आकसत नाही, मग सुरकुत्या पडतात. बंद लोखंडी ट्रंक यासाठी सगळ्यात वाईट, कारण वाफ आतच कोंडते आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लावते. ती ट्रंक आजच्या आज वेगळ्या खोलीत न्या, झाकण उघडं ठेवा, पाकिटं पंख्याखाली मोकळी करा. ऊन दाखवू नका. फिल्ममध्ये स्कॅनिंगचा पहिला नंबर या ट्रंकेचा.

काही लोक घाबरवतात की जुनी फिल्म पेट घेते. ती नायट्रेटची. कोडॅकनं ती 1951 पर्यंत बंद केली. पुण्यात 8 जानेवारी 2003 ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मा जळाल्या, मूकपटांच्या काळाचा मोठा ठेवा गेला. तुमचा स्टुडिओ 1976 चा. तुमच्याकडं ती भानगड नाही.

रंगीत निगेटिव्हची गोष्ट वेगळी. धुताना चांदी ब्लीच होऊन निघून जाते, मागं तीन रंगद्रव्यं राहतात. ती अंधारातसुद्धा फिकी होतात, आणि तिन्ही सारख्या वेगानं होत नाहीत, म्हणून एका बाजूला झुकलेला रंग दिसतो. स्कॅनमध्ये बराच परत आणता येतो, पण पूर्ण उडाला तर नाही. वासाच्या ट्रंकेनंतर रंगीत. काळ्यापांढऱ्या शेवटी. त्या निवांत बसतील.

फोटोकॉपीच्या दुकानातल्या सपाट स्कॅनरवर निगेटिव्ह करून घेऊ नका, निगेटिव्हला आरपार जाणारा उजेड लागतो. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळचं टिपणारी), खाली एलईडीचा लाइट पॅड, कॅमेरा स्टँडवर, भिंग सरळ खाली, फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). 120 ची फ्रेम मोठी असते, साध्या कॅमेऱ्यानंही भरपूर बारकावा येतो. आणि कुणी म्हणालं "आमचं मशीन धूळ आपोआप काढतं", तर ते इन्फ्रारेडवर चालतं. रंगीतला चालेल. चांदीच्या फिल्मला चालत नाही, चांदी इन्फ्रारेडलाही अडवते आणि मशीनला पूर्ण चित्रच धूळ वाटतं. ब्लोअरनं धूळ उडवा. फडकं नको, तोंडानं फुंकर तर मुळीच नको.

बिंदुसरा_ते_हिंजवडी

काकांचं फिल्मबद्दल सगळं मान्य. पण ताई, तुमच्या प्रश्नाचा क्रम उलटा आहे असं मला वाटतं. तुम्ही विचारताय 1978 ची निगेटिव्ह स्कॅन केल्यावर ठेवू का. ती मुळी स्कॅन नाही केली तरी पुढची काही वर्षं तिला काही होत नाही. तुमच्याकडं मरणाच्या दारात 2005 नंतरचं आहे. आधी सीड्या आणि ती हार्ड डिस्क. वासाची ट्रंकसुद्धा त्यानंतर.

लिहायच्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते, लेझरनं तो थर जाळून ठिपके काढलेले असतात. उष्णता, ऊन, दमट हवा यांनी तो रंग बिघडतो. त्यावर नुसता नाजूक चकाकीचा थर आणि लाखेसारखा लेप. वरून कागदी स्टिकर चिकटवला असेल तर त्याच्या गोंदानं आणखी हाल. पत्र्याखालच्या खोलीत मे महिने काढलेल्या सीड्या म्हणजे विचारायलाच नको. भोकं दिसतात तिथलं गेलं. पण सीडीवर शंभर फोटो असतील तर सगळे त्या भोकांत नसतात. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो जे वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेलं बाजूला ठेवून परत परत प्रयत्न करतो, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो. एका ड्राइव्हला जमलं नाही ते दुसऱ्या ड्राइव्हला जमतं, नोंदीमुळं तिथूनच पुढं सुरू होतं. जुने डीव्हीडी रायटर भंगारात मिळतात, दोन-तीन वेगवेगळ्या कंपनीचे आणा. सीडी पुसायची झाली तर मधून बाहेर सरळ, गोल नाही.

हार्ड डिस्क परत लावू नका. टक् टक् म्हणजे आतलं हेड जागा शोधतंय. फिरवत राहिलात तर तबकडी खरवडून निघेल, मग कुणीच काही करू शकत नाही. ती रिकव्हरीवाल्याकडं द्यायची. महाग असतं. त्यावर काय होतं हे अण्णांना आठवत असेल तर आधी ते विचारा, मग पैसे घालायचे का ठरवा.

आता पेन ड्राइव्हचं. भावाला माझा नमस्कार, पण नाही. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिपवाली डिस्क) माहिती विजेच्या भारात साठवतात. वीज न देता कपाटात पडून राहिले की तो भार हळूहळू झिरपतो. नेण्याआणण्यासाठी ठीक, ठेवण्यासाठी नाही.

पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला हिशोब आम्ही लोक पाळतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. हे वाचून मला तुमचं भूकंपाचं आठवलं. किल्लारीच्या माणसांचे फोटो वाचले ते का? निगेटिव्ह टिकाऊ होती म्हणून नाही. ती उमरग्यात होती म्हणून. घरातली प्रत आणि घरापासून लांबची प्रत. अण्णांनी नाव न घेता तेच केलं होतं. उद्या तुमच्या दुकानात शॉर्टसर्किट झालं तर ट्रंकेतली एकुलती एक निगेटिव्ह किती टिकाऊ होती याला काही अर्थ राहत नाही. फिल्मची दुसरी फिल्म काढली की प्रत्येक वेळी थोडं हरवतं. फाइलची कॉपी मात्र हुबेहूब तीच असते. तेवढं एकच माझ्या बाजूचं बलस्थान आहे, ते वापरा.

म्हणून एक हार्ड डिस्क लातूरला, एक उमरग्याला भावाकडं, आणि निवडक गोष्टी क्लाउडवर. क्लाउडच्या भरवशावर सगळं सोडू नका. गूगल फोटोजनं 1 जून 2021 पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली, आणि वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकायचं धोरणही आणलंय. ऑर्कुट 2014 ला गेलं तेव्हा किती जणांचे कॉलेजचे फोटो गेले, आठवतंय ना. खात्याच्या सेटिंगमध्ये 'खातं निष्क्रिय झाल्यावर कुणाला द्यायचं' अशी सोय आहे, तिथं भावाचं नाव टाका.

आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा आकडा) काढून ठेवा, एसएचए-256 ही पद्धत चालेल. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीत, दोन्ही डिस्क लावून आकडे जुळवून बघायचे. ज्या फाइलचा आकडा बदलला ती दुसऱ्या डिस्कवरून आणायची. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, जेपेग नातेवाइकांना पाठवायला. जेपेग उघडून परत सेव्ह केलं की दर वेळी थोडं घासतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो फोटो बारीक होतो आणि तारीख-वेळेची माहितीही गळते.

डार्करूम_नांदेड

बिंदुसरा, सीड्या आधी हे मान्य, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तुझ्या पद्धतीत दर दिवाळीला कुणीतरी बसायला पाहिजे. ट्रंकेला कुणी बसायला लागत नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं 2007 ला हिशोब मांडला होता. एका चित्रपटाची मूळ फिल्म वर्षभर सांभाळायला 1,059 डॉलर, आणि तोच चित्रपट डिजिटलमध्ये सांभाळायला 12,514.

बिंदुसरा_ते_हिंजवडी

काका, तो 2007 चा आकडा आहे आणि अख्ख्या चित्रपटाचा. तेव्हापासून डिस्क पुष्कळ स्वस्त झाली. ताईंचं सगळं काम एका डिस्कवर बसेल. पण मुद्दा बरोबर आहे, एकदा करून मोकळं होण्यातलं हे काम नाही. ताईंच्या घरात कोण करणार हे आत्ता ठरवावं लागेल. म्हणूनच निगेटिव्ह टाकू नका. आपण सगळे दिवाळीला बसायचं विसरलो तरी ती राहील.

कळंबचा_कैलास

राग मानू नका, पण एवढा खटाटोप पासपोर्ट फोटोंसाठी? लग्नाचे ठेवा, बाकीचे सोडा. कोण बघणारे?

उमरगा_स्टुडिओ

राग कशाचा दादा, भाऊही हेच म्हणतो. पण त्या काळात आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचा आयुष्यात एकच फोटो निघायचा, कुठल्यातरी अर्जासाठी. पदर डोक्यावर, नजर कॅमेऱ्याच्या वर कुठंतरी. भूकंपानंतर लोक जे फोटो मागायला आले त्यात लग्नाचे कमी होते, हेच जास्त होते.

अंबाजोगाई_वकील

ताई, तुम्ही पुढं हे फेसबुकवर टाकायला लागाल म्हणून आधीच सांगतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 चा खंड 'ख'. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो, स्टुडिओ नाही. निगेटिव्ह तुमच्या ट्रंकेत असली तरी. जपायला, घरच्यांना शोधून द्यायला कुणी अडवणार नाही. पण गावांची नावं लावून सरसकट चढवू नका. विशेषतः भूकंपातल्या मयतांचे. कुणाच्या तरी आईचा फोटो त्यांना न विचारता त्यांच्या मोबाइलवर येऊन पडायचा.

उमरगा_स्टुडिओ

वकीलसाहेब, हे बरं सांगितलंत. माझ्या मनात गावनिहाय पान काढायचं होतं. आता तसं करत नाही, विचारत आलेल्यांनाच देऊ.

बाकी प्रगती अशी: वासाची ट्रंक वेगळी केली, अण्णा म्हणाले त्यात पत्र्याच्या खोलीतला माल आहे, बाकीच्या ट्रंका आधी जुन्या घराच्या माळवदाखालच्या खोलीत होत्या, जाड भिंतींची, उन्हाळ्यात गार. म्हणजे फरक तिथंच पडला. उन्हाळ्यातल्या निगेटिव्हचं विचारलं तर खरंच हसले. "नांदेडवाल्याला म्हणावं, आमच्याकडं विहीर होती."

भावाच्या ओळखीच्या पोरानं दोन जुने रायटर आणून दिले, सीड्यांचं सुरू केलंय. 2008 च्या त्या लग्नाचे बरेच फोटो निघाले, हळद पूर्ण, अक्षतांच्या वेळचे मात्र गेलेत. हार्ड डिस्कचं अजून ठरलं नाही.

डार्करूमकाका, अजून एक. रजिस्टरांची पानं पिवळी पडलीत, शाई फिकट. त्यांचं काय करू? आणि ट्रंकेऐवजी कशात ठेवू?

डार्करूम_नांदेड

रजिस्टर सगळ्यांच्या आधी. सीड्यांच्याही आधी. नंबराला नाव जोडणारं दुसरं काही तुमच्याकडं नाही, नावं गेली की ट्रंकेत नुसते चेहरे उरतात. मोबाइलनं पानन् पान फोटो काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. एक रविवार पुरे. त्या फायली लगेच दोन ठिकाणी टाका. मग अण्णांना घेऊन बसा, कुठं टोपणनावं असतील, 'बाबूची सून' असलं काही लिहिलं असेल, ते त्यांनाच कळणार. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. स्कॅन केलेल्या फाइलला नाव देताना साल आणि रजिस्टरचा तोच नंबर द्या, नवीन क्रमांक काढू नका.

ठेवायला पुठ्ठ्याची ॲसिडविरहित पेटी मिळाली तर उत्तम, नाहीतर पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या आणि साधं लाकडी कपाट. पीव्हीसीचे चिकट पानांचे अल्बम नकोत. हवा शक्य तितकी कोरडी आणि गार. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा, नाहीतर बुरशी जिलेटीनवर जाळी धरते. डांबराच्या गोळ्या टाकू नका.

उमरगा_स्टुडिओ

माळवदाची खोली अजून उभी आहे, काका. भूकंपात भेग पडली होती, ती बुजवली. तिथंच परत नेऊ का? लातूरच्या फ्लॅटमध्ये वरचा मजला आहे, उन्हाळ्यात भट्टी.

डार्करूम_नांदेड

भेगेतून पाणी येत नसेल तर खुशाल न्या, निगेटिव्हला तीच जागा बरी. स्कॅनची डिस्क तेवढी तिथं ठेवू नका, ती लातूरलाच. आणि उंदीर बघा. जिलेटीन म्हणजे त्यांना जेवण. झुरळांनासुद्धा.